पलंगाखालची नळी

देवरीला हायवेला लागून माझं दुकान आहे. पाटीवर ‘सर्व प्रकारचे होज पाईप’ एवढंच लिहिलं आहे आणि त्या ‘सर्व प्रकारचे’मुळे लोक येऊन नाही नाही ते मागतात. कोणाला बागेला पाणी द्यायची नळी हवी असते. एक कंपाउंडर डॉक्टरांची स्टेथोस्कोपची नळी चिरली म्हणून आला होता. एकदा एक भजनी मंडळ पेटीचा फाटका भाता घेऊन आलं आणि त्यांना नाही म्हणताना मलाच वाईट वाटलं. मी खरं तर गाड्यांच्या नळ्या बसवतो. ट्रक, ट्रॅक्टर, धान कापायला पंजाबातून येणारे हार्वेस्टर, हेच माझं गिऱ्हाईक. त्याआधी बरीच वर्षं गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये बॉयलरवर होतो. तिथे वाफेच्या नळ्या होत्या. म्हणजे आयुष्य सगळं रबराच्या नळीशेजारी गेलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय कळायचं आहे? नळी फुटली की बदलायची. पण फुटल्यावर बदलायची असेल तर माझी गरजच नाही. फुटायच्या आधी बदलायची असते आणि आधी म्हणजे कधी, तेच कोणाला सांगता येत नाही. रबर लोखंडासारखं गंजून दिसत नाही. गाडी उभी असली तरी ते म्हातारं होतं. उन्हाने कडक होतं, तेलाने सुजतं. गरम पाण्याची नळी तर बहुतेक वेळा आतून जाते. वरून काळीशार, तुकतुकीत, आणि आतल्या अस्तराचे पदर सुटलेले. म्हणून मी इंजिन थंड असताना नळी हाताने दाबून बघतो. क्लॅम्पच्या जवळ, जिथे पट्टी आवळलेली असते तिथे. बोटांना कुरकुर लागली तर आतले धागे तुटले आहेत. कणकेसारखी मऊ लागली तर तेल प्यायली आहे. काठीसारखी कडक लागली तर उन्हाने आणि उष्णतेने वाळली आहे. एवढं सगळं केल्यावरही खात्री होत नाही. खात्री करायची तर नळी उभी चिरून आत बघावं लागतं, आणि चिरलेली नळी कोण परत लावणार?

मला चिरून बघायचा भारी नाद. बदललेली एकही नळी मी तशीच भंगारात टाकत नाही. ब्लेडने उघडतो आणि बघतो, आपला अंदाज बरोबर होता का. रमा, माझी बायको, म्हणते, “मेलेल्या नळीची चिरफाड कायले करता? ते काय बोलून राहिली तुमच्याशी?” पण बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

या नादापायीच मला सुर्वे नवरा-बायको ओळखीचे झाले.

धान कापून झालं होतं, सकाळी थंडी पडायला लागली होती. दुकानासमोर एक गाडी येऊन थांबली. मला आधी वाटलं फिरता दवाखाना आहे. जुनी मिनी बस, पांढरी, खिडक्यांना फुलांचे पडदे, मागे शिडी, टपावर सोलरचं पॅनेल. दारातून आधी एक काठी उतरली, मग उंच, किडकिडीत, दाढीवाले गृहस्थ उतरले. मागून बाई आल्या, त्यांच्या गळ्यात दुर्बीण.

“तुमच्याकडे सगळ्या प्रकारचे होज मिळतात म्हणे,” ते म्हणाले.

“कोणता पाहिजे?”

“पाहिजे असा नाहीच. पाणी कमी होतंय रेडिएटरचं. थोडंथोडंच. गळती कुठे दिसत नाही.”

ते प्रभाकर सुर्वे, रत्नागिरीचे. उमर सगळी जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेलेली. निवृत्त झाल्यावर ही जुनी बस घेऊन त्यांनी स्वतःच्या हाताने तिचं घर केलं होतं. बाई म्हणजे उषाताई. थंडीत दोघं फिरतात, पावसाळ्यात रत्नागिरीला जातात. आता गोंदियात आले होते ते ताईंना सारस पक्षी बघायचे होते म्हणून. आमच्याकडे तळ्याकाठी, धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, सारसाची जोडी दिसते हे त्यांनी कुठे तरी वाचलं होतं. इटियाडोह धरणावर जाऊन मुक्काम करायचा, तिथून पुढे गडचिरोलीकडे, असा बेत होता.

मला आत बघायची परवानगी मिळाली तेव्हा मी नळी विसरलो. बसच्या आत ओटा होता, गॅस होता, पुस्तकांची फळी होती, मागे आडवा पलंग होता. एवढंच काय, छोटी न्हाणी होती आणि तिथे गरम पाणी यायचं.

“हे कसं करता?” मी विचारलं.

सुर्व्यांचे डोळे चमकले. त्यांना हे विचारणारा माणूस बऱ्याच दिवसांत भेटला नसावा. “इंजिनाचं गरम पाणी फुकट जातंच ना? ते नळीने मागे नेलंय. तिथे टाकीत तांब्याचं वेटोळं आहे, त्यातून फिरतं आणि परत इंजिनाकडे येतं. टाकीतलं पाणी बाहेरून तापतं. दोन पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. जहाजावरची युक्ती.”

मी खाली शिरून सगळं बघितलं. ब्रेकच्या नळ्या नव्या होत्या. ब्रेकची नळी जुनी झाली की आतून सुजते, पाय मारला की तेल पुढे जातं पण मागे येत नाही, आणि चाक जॅम धरून बसतं. वरून काही दिसत नाही. सुर्व्यांना ते माहीत होतं. त्यांनी त्या ठरल्या वेळी बदलल्या होत्या. गॅसची नळीसुद्धा तारीख बघून बदललेली. असं गिऱ्हाईक मला क्वचित मिळतं. पण रेडिएटरची वरची नळी दाबली तर काठीसारखी कडक.

“ही बदला,” मी म्हटलं.

“ती चांगली आहे.”

“चांगली कशी? दाबून पाहा ना. लाकूड झाली.”

“बाहेरून झाली असेल. माल उत्तम आहे तो, मी निवडून आणलाय. आतून काही झालेलं नाही.”

“साहेब, मले नाही पटून राहिलं.”

“तुम्हाला न पटून तिला काय फरक पडतो?”

मी पण हट्टाला पेटलो. म्हटलं, “नवीन लावतो आणि जुनी तुमच्यासमोर चिरतो. मग सांगा.” त्यांनी मान डोलावली. त्यांनाही बघायचंच होतं, हे मला दिसत होतं. उषाताई म्हणाल्या, “झालं. आता दोघांना खेळणं मिळालं.” आणि त्या आमच्या घराकडे वळल्या. घर दुकानाच्या मागेच आहे. रमाने चहा टाकला होता. त्या म्हणाल्या, “यांच्यासाठी बिनसाखरेचा, आणि माझाही तसाच. घरात साखर आणतच नाही, म्हणजे मोह नको.” जाताना त्यांनी रमाकडे थोडी हळद मागितली, मुंग्यांच्या रांगेवर टाकायला.

मी नळी काढली, नवी चढवली, आणि जुनी बाकावर ठेवून ब्लेड चालवलं. उघडली. सुर्वे काठी टेकून वाकले.

आतून नळी कोरी होती. नवीन आणल्यासारखी. एक चीर नाही, एक पदर सुटलेला नाही. मी नखाने खरवडून बघितलं. काही नाही.

सुर्वे मोठ्याने हसले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बाहेरून खरंच लाकूड झाली होती हो. तुमच्या जागी मी असतो तर मीही बदला म्हटलं असतं.” ते ऐकून मला जास्तच लाज वाटली. पण मनात कुतूहल होतं ते वेगळंच. ही नळी जर धड आहे, तर पाणी जातं कुठे? खाली थेंब नाही, इंजिनावर डाग नाही, तेलात पाणी नाही, धुरात पांढरं काही नाही. सुर्वे म्हणाले, “टाकत राहू. कॅन आहे सोबत.” आणि दुपारी ते इटियाडोहच्या रस्त्याला लागले.

संध्याकाळी जेवायला बसलो. रमा भात वाढता वाढता म्हणाली, “लोकं चांगले होते. घर किती नीट ठेवते ते बाई. पण मुंग्या त्यांच्या घरी कायले जातीन?”

“जाते ना मुंग्या. कुठंबी जाते.”

“साखरेचा दाणा नाही म्हणे घरात. गूळ नाही. फळं खातेत, तेबी तिथल्या तिथे संपवतेत. मी आत जाऊन पाहिली ना रांग. ओट्याकडे नव्हती जात. पलंगाच्या खाली जाऊन राहिली होती.”

माझा घास हातातच राहिला. रेडिएटरच्या पाण्यात जे कूलंट मिसळतात ते गोड असतं. जुन्या काळी नळीला तोंड लावून पाणी ओढायचो तेव्हा कितीदा चुकून चव लागली आहे. गोडसर, आणि विषारी. कुत्री चाटतात आणि मरतात. मुंग्यांना मात्र त्याचा वास लागतो.

पाणी गाडीच्या खाली गळत नव्हतं. ते घराच्या आत गळत होतं. मागच्या टाकीकडे जाणाऱ्या नळ्या पलंगाखालून गेल्या होत्या, फळ्यांच्या पेटीतून. मी त्या बघितल्याच नव्हत्या. सुर्व्यांनीही बघितल्या नसणार, कारण त्या बघायच्या तर पलंग उचकटावा लागला असता.

“आणि ते बाई गाडी चालू असताना तिथंच निजते,” रमा म्हणाली. “पाठीचं दुखणं आहे त्यांचं. बसवत नाही म्हणे लांबवर.”

मग आम्ही दोघंही जेवलो नाही. इंजिन तापलं की त्या नळीतलं पाणी उकळत्याच्या जवळ असतं, आणि वर दाब असतो. आज ती झिरपत होती. ज्या दिवशी फुटेल त्या दिवशी फळीच्या फटीतून सगळं वर गादीत येईल. मी फोन लावला. लागला नाही. परत लावला. इटियाडोहकडे नेटवर्कचा भरवसा नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच ते गडचिरोलीकडे निघणार होते.

पहाटे अंधुक दिसायला लागलं तसा मी मोटरसायकल काढली. पिशवीत क्लॅम्प, पाने आणि नळीचा तुकडा टाकला. चिचगडवरून जंगलाचा रस्ता धरला. धुकं इतकं होतं की समोरून येणारा मोहाच्या झाडाचा बुंधा मला दोनदा माणूस वाटला. हात गारठून ब्रेकवर चिकटले होते. धरणावर पोचलो तर गाडी नव्हती. मासे धरणाऱ्या एकाने सांगितलं, “ते पडदेवाली बस? आताच गेली ना भाऊ.” गेली कुठल्या बाजूला ते त्याने हाताने दाखवलं.

मी सुसाट निघालो. मनात एकच चित्र होतं आणि ते मी लिहून दाखवणार नाही.

एका वळणावर बस दिसली. रस्त्याच्या कडेला उभी. इंजिन बंद होतं, दार उघडं होतं. जवळ गेलो तर बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, दोघं उभे. उषाताई शाल गुंडाळून, डोळ्याला दुर्बीण लावून. सुर्व्यांनी मला बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

कापलेल्या धानाच्या खुंटांमध्ये सारसाची जोडी होती. माणसाएवढे उंच, राखाडी, डोकं आणि मान लालभडक. एक जण मान वाकवून चिखलात काही शोधत होता, दुसरा नुसता उभा. मी या जिल्ह्यात जन्मलो, सारस किती तरी वेळा बघितले, पण असा थांबून कधी बघितला नव्हता. आणि त्या दिवशीही खरं तर बघत नव्हतोच. माझ्या तोंडात शब्द अडकला होता आणि तो सोडता येत नव्हता. मोठ्याने बोललो तर पक्षी उडतील, आणि बाई इतक्या लांबून त्यासाठीच आल्या होत्या. इंजिन बंद आहे, बाई बाहेर आहेत, आता घाई नाही, असं मी स्वतःला सांगत राहिलो. नर, की मादी, मला कळत नाही, मान वर करून ओरडला. दुसऱ्याने उत्तर दिलं. मग दोघं पंख पसरून धुक्यात निघून गेले.

उषाताईंनी दुर्बीण खाली घेतली. डोळे पुसत म्हणाल्या, “अहो भाऊ, तुम्ही इकडे कसे?”

“ताई, तुमचा पलंग उघडायचा आहे.”

मी मुंग्यांचं सांगितलं. सुर्वे आधी नाही म्हणाले. “त्या नळ्या उन्हात नाहीत, इंजिनाजवळ नाहीत. घरात बसल्यात सावलीला. त्यांना काय होणार?” पण बोलता बोलता त्यांचा आवाज खाली गेला. ते स्वतःच आत चढले आणि गादी उचलली.

फळ्या काढायला वेळ लागला. स्क्रू त्यांनीच घट्ट बसवले होते. शेवटची फळी निघाली तेव्हा गोडसर वास आला. मुंग्यांची काळी रांग, चिकट हिरवट डाग, आणि कोपऱ्यात आडवी पडलेली औषधी तेलाची बाटली. ताईंच्या पाठीला लावायचं तेल. कधी तरी पेटीत ठेवलं, गाडीच्या हेलकाव्याने कलंडलं, आणि थेंब थेंब नळीवर पडत राहिलं. तिथे नळी फुगून दुप्पट झाली होती. सुर्व्यांनी बोट लावलं. बोट रबरात रुतलं आणि पाण्याचा बारीक फवारा उडाला. इंजिन एव्हाना निवलं होतं म्हणून नुसतं कोमट.

त्यांनी कलंडलेली बाटली उचलून बाजूला ठेवली.

“म्हणजे माझ्याच तेलानं झालं,” उषाताई म्हणाल्या.

“तेलानं नाही,” ते म्हणाले. “तू निजतेस त्या जागेखालून नळी मी नेली. सोपं पडलं म्हणून. गाडीच्या खालून नेली असती तर पत्र्याला भोकं पाडावी लागली असती.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “जहाजावर अशी लाईन कोणी माणसाच्या बिछान्याखालून नेली असती तर मी त्याला उतरवून दिला असता.”

मी इंजिनाकडे गेलो. मागे जाणाऱ्या दोन्ही नळ्या तिथल्या तिथे काढल्या आणि माझ्या तुकड्याने तोंडाला तोंड जोडून दिलं, म्हणजे पाणी मागे जाणारच नाही. ताईंना पुढच्या सीटवर उशी लावून बसवलं आणि हळूहळू देवरीला आलो. मी पुढे मोटरसायकलवर, मागे ते.

पुढचे काही दिवस बस माझ्या दुकानासमोरच उभी होती. पत्रा कापून भोकं पाडली, त्यांना रबरी कडी बसवली म्हणजे नळी घासणार नाही, आणि दोन्ही लाईनी चासीच्या, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी सांगाड्याच्या, कडेने बाहेरून नेल्या. कोणालाही वाकून हात लावता येईल अशा. सुर्व्यांना आता खाली शिरता येत नव्हतं. ते खुर्चीवर बसून सांगायचे, मी खालून करायचो. गाडीचा नकाशा असा कुठे नव्हता, सगळा त्यांच्या डोक्यात होता. कधी त्यांना आठवायचं नाही, मग काठीने जमिनीवर रेघा ओढायचे. मी वाट बघायचो. आठवलं की लहान मुलासारखे खूश व्हायचे. रमा आणि ताईंचं भलतंच जमलं. ताई तिला सोलकढी शिकवायच्या आणि रमा त्यांना लाखोळीच्या डाळीचे वडे.

ती फुगलेली नळी मी चिरली. सुर्वे बघायला आले नाहीत.

काम झाल्यावर ते म्हणाले, “आता या कधी बदलायच्या? खरं सांगा.”

मी खरंच सांगितलं. “दर महिन्याला थंड इंजिनावर दाबून पाहा. फुगली, मऊ झाली, कुरकुरली तर त्याच दिवशी. आणि काहीच नाही झालं, तरी चार-पाच वर्षांनी वाट न पाहता काढून टाका. तेव्हा ती चांगली निघाली तर निघाली.”

“चार-पाच वर्षांनी मी गाडी चालवत असेन का?”

उषाताई म्हणाल्या, “मला चालवता येते की. रत्नागिरीच्या घाटात कार कोण चालवत होतं? तुम्ही जहाजावर असायचात. ही बस मात्र तुम्ही कधी हातात दिली नाही.”

“तुझी पाठ...”

“थोडा वेळ बसायला डॉक्टरांची हरकत नाही. थोडा वेळ मी, थोडा वेळ तुम्ही. काय हो भाऊ, आहे का इथे कुठे मोकळी जागा?”

देवरीच्या बाहेर एक बंद पडलेली राईस मिल आहे. तिचं धान वाळवायचं सिमेंटचं आंगण एवढं मोठं की बस फिरवता येते. तिथे गेलो. ताई ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या, मी बाजूला. क्लच जड होता. पहिल्यांदा गाडी धक्का खाऊन बंद पडली, दुसऱ्यांदाही. रमा बाहेर उभी राहून ओरडली, “हळू सोडा ना पाय, ताई!” जिने सायकलसुद्धा कधी चालवली नाही ती.

सुर्वे कुठे बसणार? पुढे जागा नव्हती. ते मागे गेले आणि पलंगावर आडवे झाले. मला वाटतं, गाडी चालू असताना त्या पलंगावर ते पहिल्यांदाच आडवे झाले असावेत.

तिसऱ्यांदा गाडी निघाली. ताईंनी आंगणाला एक मोठा वळसा घातला, मग दुसरा. भांडी खुळखुळत होती, दारं थरथरत होती, मागच्या टाकीत पाणी डचमळत होतं. मागून सुर्व्यांचा आवाज आला. आश्चर्याचा.

“उषा! अगं इथे किती आवाज येतात!”

“येतातच,” ताई म्हणाल्या, आणि त्यांनी वरचा गिअर टाकला.